कुलूप लावल्यानंतर : एक प्रस्तावना

सोव्हिएत युनियनच्या जैविक अस्त्रांचा विषय निघाला की थोड्याच वेळात कुणीतरी विचारतं, ‘मग ते सगळं आता कुठे गेलं?’ प्रश्न रास्त आहे. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७२मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि १९७५मध्ये लागू झाला. त्याची मूळ प्रत सांभाळण्याची जबाबदारी ज्या तीन देशांवर होती, त्यांत ब्रिटन आणि अमेरिकेबरोबर सोव्हिएत युनियनही होतं. नेमकं त्याच सुमारास मॉस्कोनं ‘बायोप्रेपरात’ नावाची संस्था उभी केली. पाटीवर औषधं आणि लसी, आत काळपुळी, प्लेग आणि देवी. देशभर पसरलेल्या प्रयोगशाळा, कारखाने, चाचणीची मैदानं आणि त्यांत राबणारी हजारो माणसं असा तो पसारा होता. १९९२च्या एप्रिलमध्ये रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी हुकूम काढला आणि कार्यक्रम कागदोपत्री संपला.

कागदोपत्री संपल्यानंतर जे उरतं, त्याचा पाठपुरावा करणाऱ्यांचे लेख या पुस्तकात आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढे माझा कल ओळखत बसावं लागणार नाही. मातीत पुरलेल्या बीजाणूंपेक्षा मला न उघडलेल्या वह्यांची भीती जास्त वाटते. बीजाणू कुठे आहेत हे कळलं तर खर्च करून, माणसं लावून ते मारता येतात. पण काय बनवलं, किती बनवलं, कुठे पुरलं आणि नमुने कुणाकुणाच्या हाती गेले, हे ठाऊक असलेली माणसं आता एकेक करून जात आहेत. त्यांच्या मागे राहतात त्या अफवा, आरोप आणि सरकारी खुलासे.

या अभ्यासक्षेत्राला अजून धड नाव नाही. सूक्ष्मजीवशास्त्र, इतिहास, आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानववंशशास्त्र या चार शेतांच्या बांधावरची ही जागा आहे, आणि बांधावरच्या जागेवर जसा कुणाचाच सातबारा नसतो तसं इथेही आहे. याचा फायदा नवख्याला होतो. इथे यायला प्रयोगशाळेचा पांढरा कोट लागत नाही. गुराढोरांचा डॉक्टर, जुन्या दवाखान्यांची रजिस्टरं वाचता येणारा इतिहासाचा विद्यार्थी, वाऱ्याच्या नोंदी समजणारा हवामानतज्ज्ञ, लोकांच्या ओसरीवर बसून धीरानं ऐकून घेणारी समाजशास्त्रज्ञ, या सगळ्यांचं इथे काम आहे. हे मी आर्जव म्हणून लिहीत नाही. या क्षेत्रातला सर्वांत मोठा उलगडा अशाच मिश्र मंडळींनी केला. तो जरा सविस्तर सांगतो.

१९७९च्या एप्रिलमध्ये उरल पर्वताजवळच्या स्वेर्दलोव्स्क शहरात (आजचं येकातेरिनबुर्ग) माणसं अचानक मरू लागली. ताप, धाप आणि काही दिवसांतच शेवट. सरकारनं सांगितलं की काळपुळी झालेल्या जनावरांचं मांस चोरट्या बाजारात आलं आणि ते खाऊन लोक दगावले. वरवर पाहता हे पटण्यासारखं होतं. काळपुळी हा मुळात गुरांचा, शेळ्या-मेंढ्यांचा रोग. आपल्याकडे पशुपालक त्याला फाशी म्हणतात आणि फाशीनं मेलेलं जनावर चिरायचं नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, हे गावोगाव माहीत असतं. असं जनावर कापून खाल्लं तर माणसालाही रोग होतो. सोव्हिएत डॉक्टर १९८८मध्ये अमेरिकेत जाऊन हीच कहाणी शास्त्रीय भाषेत मांडून आले. हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांना ती बऱ्याच अंशी पटली होती. निक्सन यांनी १९६९मध्ये अमेरिकेचा जैविक अस्त्रांचा कार्यक्रम बंद केला, त्यामागे ज्यांचा आग्रह होता तेच हे मेसेल्सन. माणूस जाणकार, हेतू शुद्ध, तरीही फसला. हे नव्या अभ्यासकानं लक्षात ठेवावं.

उलगड्याची पहिली कडी होती एका शवागारात. निवृत्तीनंतर मदतीला बोलावलेल्या पॅथॉलॉजिस्ट फाइना अब्रामोवा आणि त्यांचे तरुण सहकारी लेव ग्रिनबर्ग यांनी त्या दिवसांत मृतदेहांची विच्छेदनं केली. रुग्णांचे कागद केजीबीनं गोळा करून नेले. या दोघांनी मात्र ऊतींचे तुकडे फॉर्मालिनच्या बरण्यांत, काचपट्ट्यांवर आणि आपली टिपणं स्वतःजवळ, अशी सांभाळून ठेवली. १९९३मध्ये ४२ रुग्णांवरचा त्यांचा शोधनिबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातला मुद्दा शरीररचनेचा आहे, पण कुणालाही समजेल असा आहे. दूषित मांस खाऊन रोग झाला असेल तर घाव आधी आतड्यांत दिसायला हवा. या मृतांमध्ये छातीच्या मध्यभागातल्या, फुप्फुसांच्या मधल्या लसिका ग्रंथी रक्तानं माखून सुजल्या होत्या. म्हणजे रोग श्वासातून आला होता.

दुसरी कडी शहरात हिंडून जोडावी लागली. १९९२मध्ये मेसेल्सन पथक घेऊन तिथे गेले. त्यात मानववंशशास्त्रज्ञ जीन गिलमिन होत्या. मृतांच्या कुटुंबांना भरपाई देण्यासाठी तयार झालेली नावांची यादी त्यांच्या हाती आली. गिलमिन दुभाष्याला घेऊन एकेका घरी गेल्या, दफनभूमीत थडग्यांवरच्या तारखा पाहिल्या आणि प्रत्येक घरी तेच विचारत राहिल्या : एप्रिलच्या सुरुवातीला दिवसा तुमचा माणूस कुठे होता? कामावर होता तर कोणत्या कारखान्यात? उत्तरं नकाशावर ठिपके होऊन बसली, आणि ठिपक्यांची एक अरुंद पट्टी तयार झाली. तिचं एक टोक होतं शहरातल्या लष्करी वसाहत क्रमांक १९पाशी. दुसरं टोक सुमारे चार किलोमीटरवर, शहराच्या दक्षिण हद्दीला. तीच रेघ पुढे ओढली तर ती अशा खेड्यांवरून जात होती जिथे त्याच दिवसांत मेंढ्या आणि गुरं मेली होती. सर्वांत दूरचं गाव ५० किलोमीटरवर होतं.

दिवस कोणता, हेही असंच ठरलं. मृतांतले काही राखीव सैनिक शेजारच्या लष्करी वसाहतीत वर्गासाठी येत होते आणि तो वर्ग सोमवार, २ एप्रिलला सुरू झाला होता. विमानतळावरच्या हवामानाच्या नोंदी काढल्या, तर त्या पट्टीला जुळणारा वायव्य-उत्तरेकडचा वारा त्याच दिवशी वाहिला होता. १९९४मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा नकाशा छापून आला. रुग्ण ७७, मृत्यू किमान ६६. त्यांत एकही मूल नव्हतं. २०१६मध्ये अब्रामोवा-ग्रिनबर्ग यांनी जपलेल्या ऊतींतूनच त्या जिवाणूची जनुकीय मांडणी वाचली गेली. प्रतिजैविकांना दाद न देणारा किंवा प्रयोगशाळेत मुद्दाम बदललेला जिवाणू तो नव्हता, निसर्गातल्या जातीचाच होता. एवढ्या साध्या जिवाणूनं एवढं केलं, यातून काय ते समजावं.

आता याच घटनेची दुसरी बाजू. केन अलिबेक (मूळ नाव कानातझान अलिबेकोव) हे बायोप्रेपरातचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. १९९२मध्ये ते अमेरिकेला गेले आणि १९९९मध्ये त्यांचं आत्मकथन आलं. त्यात वसाहत क्रमांक १९मधल्या अपघाताचं कारण दिलं आहे : चोंदलेली गाळणी काढून ठेवली होती, ती बदलायची आहे ही गोष्ट नोंदवहीत लिहायची राहिली आणि पुढच्या पाळीनं यंत्रं सुरू केली. कारण विश्वसनीय वाटतं. पण अलिबेक हे मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी घडल्याचं सांगतात, आणि नकाशा सोमवार म्हणतो. अलिबेक त्या वेळी तिथे नव्हते, त्यांनी हे ऐकलेलं होतं. म्हणून त्यांना खोटं ठरवण्याची गरज नाही. पण फुटून आलेल्या अधिकाऱ्याची साक्ष कशी वाचावी याचा हा चांगला धडा आहे. जे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते एका बाजूला ठेवावं, जे कानावर आलं ते दुसऱ्या बाजूला, आणि नव्या देशाच्या दरबारात स्वतःचं वजन वाढवण्यासाठी जे रंगवलं गेलं असेल ते तिसऱ्या बाजूला. अलिबेक यांचे संमिश्र विषाणूंविषयीचे काही दावे बऱ्याच शास्त्रज्ञांनी तिसऱ्या ढिगात टाकले आहेत. त्यांच्या आधी, १९८९मध्ये, लेनिनग्राडच्या एका संस्थेचे संचालक व्लादिमिर पासेच्निक ब्रिटनकडे गेले होते. त्यांची माहिती कोरडी आणि तांत्रिक, म्हणून जास्त उपयोगी ठरली. कोरड्या साक्षीदाराला आमच्या क्षेत्रात भाव जास्त.

माती उकरण्याचं प्रत्यक्ष काम पाहायचं तर अराल समुद्रातल्या वोझ्रोझ्देनिया बेटाकडे जावं लागेल. कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांच्यात विभागलेलं हे बेट. १९५०च्या दशकापासून इथे खुल्या हवेत जैविक अस्त्रांच्या चाचण्या होत. कांतुबेक नावाची लष्करी वस्ती होती, तिथे कुटुंबं राहत. १९८८मध्ये, पाश्चात्त्य निरीक्षक येण्याची चिन्हं दिसू लागल्यावर, साठ्यातली टनावारी काळपुळी पोलादी पिंपांत भरून, वर ब्लीच ओतून रेल्वेनं आणि पुढे बोटीनं या बेटावर आणली आणि खड्ड्यांत रिकामी केली. चार वर्षांनी सैन्य निघून गेलं.

खड्डे निवडणाऱ्यांच्या हिशोबात पाणी होतं. बेट म्हणजे चारी बाजूंनी समुद्र, कुणी येणार नाही. पण कापसासाठी अमुदर्या आणि सिरदर्या या नद्यांचं पाणी वळवल्यामुळे अराल दरवर्षी आटत होता, आणि वळवणारं सरकार तेच होतं. बेट पसरत गेलं आणि २००१च्या सुमारास मुख्य भूमीला जाऊन चिकटलं. तोवर भंगारवाले बोटीनं येऊन कांतुबेकमधल्या नळ्या, तारा, फरश्या उचलून नेत होतेच. दरम्यान अमेरिकी पथकांनी घेतलेल्या मातीच्या नमुन्यांत काही ठिकाणी बीजाणू जिवंत सापडले होते. ब्लीचनं सगळे मेले नव्हते. अखेर २००२मध्ये अमेरिकेच्या पैशानं आणि उझबेक कामगारांच्या हातांनी, सुमारे तीन महिने खपून, खड्ड्यांची माती पुन्हा निर्जंतुक करण्यात आली. स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटाचं उदाहरण इथे अभ्यासक नेहमी देतात. १९४२-४३मध्ये ब्रिटिशांनी तिथे काळपुळीची चाचणी घेतली आणि ते बेट सुरक्षित असल्याचं जाहीर व्हायला १९९० उजाडलं. मातीला काळपुळीचा विसर पडत नाही. मात्र दोन्हीकडे दूषित जागा नेमकी कुठे आहे हे सांगणारं कुणीतरी होतं, म्हणून साफसफाई झाली. माझा मुद्दा तोच आहे.

याच अरालच्या काठावर, अराल्स्क गावात, १९७१मध्ये देवीची साथ आली. दहा जणांना लागण झाली, त्यांतले तिघे मेले. पहिली रुग्ण ‘लेव बेर्ग’ नावाच्या संशोधन-नौकेवरची तरुण कर्मचारी होती. दोन आठवड्यांच्या आत गावात आणि परिसरात ५० हजारांच्या आसपास लोकांना टोचलं गेलं. काम चोख झालं, आणि बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता तीस वर्षांनी लागला. ही लागण बेटावरच्या चाचणीतून झाली की बोटीच्या एखाद्या थांब्यावर नैसर्गिकरीत्या, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. त्या काळी जागतिक आरोग्य संघटनेला लगेच कळवलं असतं तर वाद मिटवण्याइतका पुरावा हाती आला असता.

कारखान्यांची गोष्ट तुलनेनं सोपी. कझाकस्तानातल्या स्तेप्नोगोर्स्कचा कारखाना सर्वांत मोठ्यांपैकी एक. एकेक २० हजार लिटरच्या दहा टाक्या, वर चढायला जिने. तो सोव्हिएत अस्त्रं मोडीत काढण्यासाठीच्या अमेरिकी नन-लुगर कार्यक्रमाच्या पैशातून १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून पाडण्यात आला. मोठी गोष्ट दिसते, मोजता येते, मोडता येते. अवघड आहे ती लहान गोष्ट. अमेरिकी मुत्सद्दी अँडी वेबर अल्माटीच्या प्लेगविरोधी संस्थेत गेले असता तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी शीतकपाटातून मटाराचा जुना पत्र्याचा डबा काढून दाखवला. डब्यात कापूस, आणि कापसात प्लेगच्या कुप्या. पगार थकलेला, कुंपण पडकं, दाराला साधं कुलूप. त्या बाई निष्काळजी होत्या असं समजू नये. त्यांच्यासारख्यांनी पगाराविना राहूनही त्या कुप्या विकल्या नाहीत, यावर कुणी स्वतंत्र ग्रंथ लिहायला हवा. इराणी मंडळी नव्वदच्या दशकात रशियन संस्थांत फिरून नोकऱ्या देऊ करत होती, हे नोंदलेलं आहे. मॉस्कोत १९९४पासून काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान केंद्रानं अशा संशोधकांना शांततेच्या कामांसाठी अनुदानं दिली. रशिया २०१५मध्ये त्यातून बाहेर पडला.

आणि वह्या? १९९२च्या सप्टेंबरमध्ये रशिया, ब्रिटन आणि अमेरिका यांनी एकमेकांच्या प्रयोगशाळांना भेटी देण्याचं ठरवलं. बायोप्रेपरातच्या काही नागरी संस्था पाहून झाल्या. लष्करी संस्थांची वेळ आली तसा घोळ सुरू झाला, रशियानं अमेरिकी कंपन्यांची दारं उघडण्याचा आग्रह धरला आणि सगळं बारगळलं. सेर्गियेव्ह पोसाद, किरोव्ह आणि येकातेरिनबुर्गच्या लष्करी संस्था परदेशी निरीक्षकांनी आजवर पाहिलेल्या नाहीत. दोष एकट्या मॉस्कोचा नाही. करारात तपासणीची तरतूदच नव्हती. ती घालण्यासाठी जिनिव्हात वर्षानुवर्षं मसुदा तयार झाला आणि २००१च्या जुलैमध्ये अमेरिकेनं तो नाकारला. त्यानंतर काही महिन्यांतच काळपुळीची पाकिटं अमेरिकेच्या टपालात फिरली, पाच जण मेले, आणि तपास देशाच्याच लष्करी संशोधन संस्थेतल्या एका शास्त्रज्ञापाशी येऊन थांबला. २०२२मध्ये रशियानं युक्रेनमधल्या प्रयोगशाळांवर आरोप केले आणि सुरक्षा परिषदेत चौकशीचा ठराव आणला. बाजूनं दोन मतं पडली, विरोधात तीन, आणि दहा देश तटस्थ राहिले. भारत तटस्थांत होता. दारं बंद असली की कुणीही कुणावरही काहीही म्हणू शकतं, आणि खोडून काढायला कुणाकडे काही नसतं.

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल. पण या कहाणीचा एक धागा मुंबईतून जातो. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेल्या हाफकिन यांनी तिथे लस केली हे आपल्याला ठाऊक आहे. १८९७मध्ये व्हिसोकोविच यांच्या नेतृत्वाखाली रशियन डॉक्टरांचं पथकही मुंबईत आलं होतं, आणि त्यात दानिलो झाबोलोत्नी नावाचा तरुण होता. पुढे हाच माणूस रशियाच्या प्लेगविरोधी कामाचा आधारस्तंभ ठरला. त्या कामातून उभं राहिलेलं संस्थांचं जाळं अनेक दशकं स्तेपीतल्या गरिबांना प्लेगपासून वाचवत राहिलं, आणि त्याच जाळ्यातून अस्त्रांच्या कार्यक्रमाला नमुने मिळाले, ईगोर दोमारादस्कींसारखे तज्ज्ञही मिळाले.

दुसरा धागा देवीचा, आणि तो जास्त बोचणारा. देवीचं जगातून उच्चाटन करावं हा प्रस्ताव १९५८मध्ये जागतिक आरोग्य सभेत मांडला तो सोव्हिएत विषाणूतज्ज्ञ व्हिक्टर झ्दानोव यांनी. सोव्हिएत लसीच्या कोट्यवधी मात्रा भारतात आल्या, १९७५मध्ये आपल्याकडची देवी संपली. दोमारादस्कींच्या आठवणींप्रमाणे, सत्तरच्या दशकात अस्त्रांच्या संशोधनाची आखणी करणाऱ्या आंतरखात्यीय परिषदेचे प्रमुख हेच झ्दानोव होते. आणि अलिबेक लिहितात की अस्त्रासाठी निवडलेला देवीचा विषाणू १९६७मध्ये भारतातल्या रुग्णाकडून घेतलेला होता. वर सांगितलेली तीन ढिगांची पद्धत इथेही लावावी. अलिबेक यांचं हे विधान खरं ठरवायचं किंवा पाडायचं, तर त्याची एक बाजू मॉस्कोत आहे आणि दुसरी आपल्याकडे : साठच्या दशकातली साथरोग रुग्णालयांची रजिस्टरं, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचे अहवाल, परदेशी पथकांच्या दौऱ्यांच्या फायली. मॉस्कोची बाजू सध्या बंद आहे. आपल्या बाजूचे कागद वाचायला इंग्रजी, हिंदी, थोडी रशियन, धूळ सोसण्याची तयारी आणि माहितीच्या अधिकाराचा एखादा अर्ज एवढं भांडवल पुरेसं आहे. हे काम कुणी अंगावर घेणार असेल, तर या पुस्तकातलं देवीवरचं प्रकरण त्यानं आधी वाचावं.